वारीला तारीख असते

रोज अर्धा तास चाला. वीस वर्षं झाली, हे वाक्य मी दिवसातून वीस-पंचवीस वेळा बोलते. गोळ्यांच्या नावांखाली लिहूनही देते. लोक मान डोलावतात, कागदाची घडी करून पिशवीत ठेवतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आलेल्या एका काकूंनी मात्र मान डोलावली नाही. वय ५८, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.४ टक्के, गुडघे नुकतेच कुरकुरायला लागलेले. कागद टेबलावर तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "चालते की मी. पण चालायचं कुठं, मॅडम?"

मला उत्तर देता आलं नाही. माझा दवाखाना पालखी मार्गावरच्या एका तालुक्याच्या गावात आहे. गावात मी रोज स्कूटरवरून फिरते. पायी फिरून मला स्वतःला कित्येक वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी दवाखाना बंद केला आणि काकूंबरोबर त्यांच्या घरापासून एसटी स्टँडपर्यंत चालत निघाले. अंतर जेमतेम पाऊण किलोमीटर.

गल्लीतून बाहेर पडेपर्यंतची वाट गटारावरच्या फरश्यांवरून जाते. तिसरी फरशी डुगडुगते हे काकूंना पाठ होतं; त्यांनी माझा दंड धरून मला ती ओलांडायला लावली. मुख्य रस्त्याला पदपथ आहे. त्यावर आधी विजेचा डीपी, मग वाढदिवसाच्या फ्लेक्सचा लोखंडी सांगाडा, मग हार्डवेअरच्या दुकानाचे पाइप, मग ओळीने लावलेल्या दुचाक्या. दर दहा पावलांना खाली रस्त्यावर उतरायचं, पुन्हा वर चढायचं, आणि ती पायरी दुखऱ्या गुडघ्याला झेपणार नाही इतकी उंच. गाळपाचा हंगाम सुरू झालेला. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर मागून आला तेव्हा काकू एका शटरला पाठ लावून, पदर तोंडावर धरून उभ्या राहिल्या, दुसरी ट्रॉली पूर्ण पुढे जाईपर्यंत. तिच्या मागे लाल दिवा नव्हता. स्टँडच्या अलीकडे सलग चार खांबांवरचे दिवे बंद, आणि नेमकी तिथेच कुत्र्यांची टोळी. पाऊण किलोमीटरला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. काकूंना घाम फुटला होता तो चालण्याने नव्हे, जीव मुठीत धरल्याने.

पुढच्या रविवारी मी टेप घेऊन गेले. पायी चालणाऱ्यांसाठी रस्ता कसा असावा याची मापं इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेने २०१२मध्ये ठरवून दिली आहेत. पदपथावर कुठल्याही अडथळ्याविना किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको. आमच्या रस्त्यावर सर्वांत मोकळ्या जागी ९५ सेंटिमीटर भरलं. पायरी भरली २८.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की पटली आहे आणि ती सांगायलाच हा लेख लिहिते आहे. 'चाला' हे औषध मी लिहून देते, पण ते माझ्याकडे नाही, आरोग्य खात्याकडेही नाही. पदपथ बांधकाम विभागाचा, दिवे विद्युत विभागाचे, डीपी वीज कंपनीचा, दुचाक्यांचा प्रश्न वाहतूक पोलिसांचा, फ्लेक्स अतिक्रमण विभागाचा, ट्रॉलीचा दिवा आरटीओ आणि साखर कारखान्याचा, गावातलं एकमेव मोठं मैदान शिक्षणसंस्थेचं. आरोग्य खात्याच्या वाट्याला येतात त्या फक्त काकू, त्याही साखर ८.४ झाल्यावर. ही सगळी खाती एका टेबलाभोवती बसल्याशिवाय या देशात मधुमेह आणि हृदयविकार आटोक्यात येणार नाहीत. आणि ती बसू शकतात, हे आपण दर आषाढात डोळ्यांनी पाहतो.

आधी दुखणं किती मोठं आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले ४९.४ टक्के प्रौढ शरीराला लागते तेवढी हालचाल करत नव्हते. २००० साली हेच प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. स्त्रियांमध्ये ते ५७ टक्के आहे, पुरुषांमध्ये ४२. 'लागते तेवढी' म्हणजे फार नाही, आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालण्याइतकी. आणि यात कामाच्या ठिकाणची हालचालही धरलेली आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३मध्ये आले, त्यांत मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर निघाली. सर्वांत वरचा क्रमांक आपल्या शेजारच्या गोव्याचा, २६.४ टक्के.

हे आकडे ऐकले की बहुतेकांच्या तोंडून एकच निदान बाहेर पडतं: लोक आळशी झाले. माझ्या व्यवसायातले लोकही हेच म्हणतात, आणि मला त्याचा राग येतो. बावीस वर्षांत देशातले निम्मे लोक एकाएकी आळशी होत नसतात. माझ्या आजीने जातं ओढलं, आडाचं पाणी शेंदलं, तीन मैलांवरच्या बाजाराला पायी जाऊन परत आली. तिला कुणी व्यायाम करायला सांगितलं नव्हतं. मग गिरणी आली, नळ आला, मोटरसायकल आली, आणि ती आली हे चांगलंच झालं. आजीच्या कंबरेचं काय झालं होतं ते मी पाहिलंय; ते कष्ट कुणाच्याही वाट्याला परत येऊ नयेत. पण शरीराला लागणारी हालचाल त्या कष्टांबरोबर निघून गेली आणि तिच्या जागी दुसरं काही ठेवायची जबाबदारी कुणीच घेतली नाही. रस्ते रुंद झाले ते गाड्यांसाठी. मुलं शाळेत व्हॅनमधून जाऊ लागली, कारण रस्त्याने चालत पाठवायला आईचा जीव धजत नाही. आणि तिची भीती खरी आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच आकडेवारीप्रमाणे २०२२मध्ये देशात अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांतली ३२ हजारांहून जास्त पायी चालणारी होती.

हालचाल आणि हृदय यांचं नातं पहिल्यांदा नीट सिद्ध झालं तेसुद्धा व्यायामशाळेत नव्हे, बसमध्ये. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली आणि १९५३मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये छापली. एकच बस, एकच डेपो, सारख्याच घरांतून आलेली माणसं. पण दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढून-उतरून तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकाराचे झटके बरेच कमी येत. कंडक्टर दिवसाला पाचशे-सातशे पायऱ्या चढत होता तो तब्येतीसाठी नव्हे. त्याचं कामच तसं होतं. कुणाच्या निर्धारावर काही अवलंबून नव्हतं. मॉरिस यांच्या अभ्यासातला हा भाग आपण विसरलो आणि निर्धाराचीच भाषणं देत बसलो.

निर्धाराला मी कमी लेखत नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर तीन वर्षं केलेला अभ्यास २००६मध्ये आला. आहारात बदल आणि रोजचं चालणं यांनी मधुमेह होण्याची जोखीम २८.५ टक्क्यांनी घटली. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने २६.४ टक्क्यांनी. म्हणजे चालणं आणि जेवण एवढ्यावर गोळीइतका गुण. पण मेटफॉर्मिन आमच्या गावात सात मेडिकलमध्ये मिळते. चालायला जागा एकाही ठिकाणी मिळत नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हा लेख फक्त गावातल्या बंगल्यांपुरता होईल. आमच्याकडे हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पहाटे तीनला कोयता घेऊन फडात उतरणाऱ्या, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरणाऱ्या बाईला 'चालायला जा' म्हणणं हा तिचा अपमान आहे. तिच्या शरीराला विश्रांती हवी, पोटभर अन्न हवं, बाळंतपणानंतर सुट्टी हवी. आरोग्याचा कार्यक्रम एकाच साच्यातला असला की तो तिला निष्कारण उपदेश करतो आणि काकूंना मोकळं सोडतो. कुणाला हालचाल हवी आणि कुणाला उसंत, हे ठरवतानाही आरोग्य खातं, कामगार खातं आणि कारखाना एकमेकांशी बोलले पाहिजेत.

आमच्या आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा सीबॅक फॉर्म भरतात, मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांचा धोका कुणाला आहे ते शोधण्यासाठी. त्यात एक प्रश्न असतो: आठवड्यात किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल करता का? नाही म्हटलं की एक गुण वाढतो, गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी बोलावायचं. चांगला फॉर्म आहे, त्याने माझ्याकडे वेळेवर आलेले पेशंट मी पाहिलेत. पण आशाताईंनी घरोघर फिरून गोळा केलेली ही 'नाही' कुठे जाते? प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून पोर्टलवर. ती बांधकाम विभागाच्या अभियंत्याच्या टेबलावर कधीच पोचत नाही. एका वॉर्डातल्या दोनशे बायका चालत नाहीत असं कळल्यावर त्या वॉर्डात दिवे आहेत का हे पाहायला कुणी गेलं, असं मी अजून ऐकलेलं नाही.

आता वारीबद्दल.

पालखी आमच्या गावातून जाते. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, लाखो माणसं, त्यांत साठी-सत्तरी ओलांडलेली कितीतरी. मी दर वर्षी मदत केंद्रावर बसते. पायांचे फोड, गोळे, पावसाने आलेला ताप. एका वर्षी सत्तरीच्या एक माउली चक्कर येते म्हणून आल्या. रक्तातली त्या वेळची साखर तपासली तर ६२, फारच खाली. घरी घेत होत्या तीच गोळी त्या वाटेवरही तेवढीच घेत होत्या आणि रोज पंधरा-वीस किलोमीटर चालत होत्या. गूळ-पाणी दिलं, गोळी निम्मी केली, मुलाशी फोनवर बोलले. त्या उठल्या आणि दिंडी गाठायला निघून गेल्या. जिच्यासाठी मी दवाखान्यात दर तीन महिन्यांनी गोळी वाढवत नेली असती, तिची गोळी मला रस्त्याच्या कडेला कमी करावी लागली.

पण वारीतली जी गोष्ट मला इथे सांगायची आहे ती भक्तीची नाही, तयारीची आहे. पालखी यायच्या कितीतरी आधी तहसील कचेरीत बैठका सुरू होतात. बांधकाम खातं खड्डे बुजवतं, साइडपट्ट्या भरतं. वीज कंपनी लोंबणाऱ्या तारा ओढून घेते. नगरपालिका पदपथ मोकळे करते, फ्लेक्स उतरवते, प्रत्येक खांबावर दिवा लावते. विहिरींत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडतं, टँकर भरायच्या जागा ठरतात, हॉटेलांतलं पाणी तपासलं जातं. फिरती शौचालयं येतात. पोलीस वाहतूक वळवतात, एसटी जादा गाड्या सोडते, १०८च्या रुग्णवाहिका ठरल्या जागी उभ्या राहतात. शाळा वर्ग रिकामे करून देतात. आणि सगळ्यांवर एक माणूस नेमलेला असतो, ज्याला रात्री दोनला फोन करता येतो. आता तर पालखी मार्गाचं राष्ट्रीय महामार्गात रूपांतर करताना बाजूने वारकऱ्यांना चालायला वेगळी वाट आराखड्यातच धरली गेली. चालणारा माणूस रस्त्याच्या नकाशात आधीपासून धरलेला असणं, हे आपल्याकडे किती दुर्मिळ आहे ते मी वेगळं सांगायला नको.

त्या दिवशी आमच्या गावात कुणीही चालू शकतं. काकूंची ती पाऊण किलोमीटरची वाट मी पालखीच्या आदल्या संध्याकाळी चालून पाहिली. अकरा मिनिटं. पालखी पुढे गेली की चौथ्या दिवशी दुचाक्या परत येतात, आठव्या दिवशी सांगाड्यावर नवा फ्लेक्स चढतो, आणि तात्पुरते लावलेले दिवे काढून नेले जातात.

म्हणजे खाती एकत्र काम करू शकत नाहीत हे खरं नाही. ती वर्षातून एकदा करतात आणि उत्तम करतात. मग उरलेलं वर्ष का नाही? मला तीन कारणं दिसतात, आणि त्यांतलं पहिलं सर्वांत मोठं आहे. वारीला तारीख असते. आषाढी एकादशी पुढे ढकलता येत नाही. काम 'प्रस्तावित' ठेवता येत नाही. दुसरं, चालणारे सगळे एका वेळी रस्त्यावर दिसतात. रोज एकेकट्या चालणाऱ्या, खरं तर न चालणाऱ्या, काकू कुणालाच दिसत नाहीत. तिसरं, चूक झाली तर कुणाला विचारायचं ते ठरलेलं असतं.

देशपातळीवर असंसर्गजन्य आजारांसाठी अनेक मंत्रालयांनी मिळून करायचा आराखडा २०१७ ते २०२२ या काळासाठी तयार झाला होता. शहरविकास, शिक्षण, क्रीडा, वाहतूक, कुणी काय करायचं ते त्यात लिहिलं होतं. विचार बरोबर होता. पण ज्या गावात तो उतरायचा त्या गावात त्याला तारीख नव्हती, चेहरा नव्हता आणि बजेटमध्ये स्वतःची ओळ नव्हती. दुसऱ्याच्या खात्याचं उद्दिष्ट पूर्ण केलं म्हणून कुठल्या अभियंत्याच्या गोपनीय अहवालात चार चांगले शब्द येतात? जोवर येत नाहीत, तोवर तो त्याच्या खात्याचं काम करणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तारीख आणि मालक ठरला की काय होतं ते कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात, दिसतं. तिथे १९७४पासून 'सिक्लोव्हिया' चालू आहे. दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन, शहरातले शंभर किलोमीटरहून जास्त लांबीचे मुख्य रस्ते मोटारींना बंद आणि माणसांना खुले. शहराची क्रीडा आणि मनोरंजन संस्था तो चालवते, पोलीस आणि वाहतूक विभाग सोबत असतात, चौकाचौकात तरुण स्वयंसेवक उभे असतात. महापौर आले, गेले. रविवार मात्र टिकला, कारण तो कुण्या एका अधिकाऱ्याचा उपक्रम राहिला नाही, शहराच्या सवयीत गेला. मुंबईत २०२२च्या मार्चमध्ये रविवारी सकाळी काही रस्ते माणसांसाठी मोकळे करायला सुरुवात झाली तेव्हा पुढाकार पोलिसांचा होता. मला ते फार महत्त्वाचं वाटलं. आरोग्याचं मोठं काम आरोग्य खात्याबाहेरचा माणूस करू शकतो, त्याच्या हातात फक्त रस्ता असला पाहिजे.

उलट बाजूही आपल्या गावागावांत उभी आहे. ओपन जिम. आमदार निधीतून, खासदार निधीतून, नगरपालिकेच्या निधीतून बागेच्या कोपऱ्यात सायकल, ट्विस्टर, झोका अशी लोखंडी साधनं बसवली. हेतू वाईट नव्हता, आणि पहिले सहा महिने लोकांनी ती वापरलीही. पण बसवणाऱ्याचं काम बिल निघाल्यावर संपलं. तेल कुणी घालायचं, तुटलेला नट कुणी बदलायचा, गुडघेदुखीच्या माणसाने कुठलं साधन टाळायचं हे कुणी सांगायचं, बागेला कुलूप कधी लागतं, तिथे संध्याकाळी उजेड आहे का, हे प्रश्न पाच वेगळ्या टेबलांवरचे होते आणि एकाही टेबलाला विचारलेलं नव्हतं. आमच्या बागेतल्या सहा साधनांपैकी दोन चालतात.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी शाळेच्या मैदानात सापडलं. गावच्या हायस्कूलचं मोठं मैदान आहे, कडेने लिंबाची झाडं. स्नेहसंमेलनाच्या वेळी फक्कीने दोनशे मीटरचा ट्रॅक आखतात. साडेपाचला फाटकाला कुलूप. मी मुख्याध्यापकांकडे गेले तेव्हा मला वाटत होतं की एका चावीचाच तर प्रश्न आहे.

सरांनी मला मैदानाच्या मागच्या भिंतीशी नेलं. तिथे पोत्यात बाटल्या भरून ठेवल्या होत्या. "सुट्टीच्या दिवशी भिंतीवरून येतात, मॅडम. सोमवारी मुलं यायच्या आधी शिपाई आणि मी काचा वेचतो." फाटक उघडं ठेवलं तर काय होईल ही त्यांची काळजी होती, आणि उद्या कुणी पडलं, हाड मोडलं, तर पोलीस ठाण्यात संस्थेलाच जायला लागेल ही दुसरी. मला त्यांचं काही चुकीचं वाटलं नाही. संस्थेच्या सचिवांना लाइट बिलाची चिंता. नगरपालिकेचं म्हणणं, खासगी संस्थेच्या जागेवर आम्ही दिवे कसे लावू? पोलिसांचं म्हणणं, लेखी काही द्या. बचत गटाच्या अध्यक्षबाई पहिल्या दिवसापासून तयार होत्या. या पाच जणांना एका वेळी एका खोलीत बसवायला मी सात महिने प्रयत्न केला. एकदा तीन आले, एकदा दोन. मध्ये मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली, नव्या साहेबांना पहिल्यापासून सांगितलं.

आणि मग जूनमध्ये पालखीच्या बैठकीला मदत केंद्राच्या वतीने मी तहसीलला गेले, तर ते सगळे तिथे बसलेले. मुख्याध्यापकसुद्धा, कारण शाळेत मुक्कामाची सोय होती. चहा आला तेव्हा मी उठून विषय काढला. वीस मिनिटं लागली. सकाळी पाच ते सात आणि संध्याकाळी सहा ते आठ फाटक उघडं. पालखीसाठी लावायचे चार दिवे काढायचे नाहीत, तिथेच राहू द्यायचे, बिल नगरपालिकेचं. चावी बचत गटातल्या दोघींकडे, त्यांनी वहीत सही करून घ्यायची-द्यायची. पोलिसांची गस्त सात वाजता मैदानावरून जाईल. कुणाला इजा झाली तर संस्थेवर जबाबदारी नाही असं दोन पानी पत्र, त्यावर सगळ्यांच्या सह्या.

पहिल्या आठवड्यात नऊ बायका आल्या. साडीवर बूट घालायची लाज वाटते म्हणून चपलेवरच चालायच्या. महिन्याभरात चाळीसच्या वर गेल्या. आयांच्या मागे मुलं आली, आणि शाळेच्या पीटीच्या सरांनी खो-खोचे खांब पुन्हा रोवले. पीटीचा तास गणिताला दिला जातो म्हणून इतकी वर्षं मन मारून बसलेला तो माणूस. आता संध्याकाळी स्वतःहून थांबतो आणि बायकांना आधी हातपाय मोकळे करायला शिकवतो. बाटल्या बंद झाल्या. रोज माणसं असतात तिथे पिणारे येत नाहीत, हे सरांनीच मला सांगितलं. काकूंची सरासरी साखर मार्चमध्ये ७.२ आली. गोळी चालू आहेच, भातही कमी केला आहे, त्यामुळे सगळं श्रेय मैदानाला देत नाही.

अडचणीही आल्या. ऑगस्टच्या पावसात चारपैकी तीन दिवे गेले. वायरमन नगरपालिकेचा, खांब शाळेच्या आवारात, मग दुरुस्ती कुणाच्या खात्यावर टाकायची यात एकोणीस दिवस गेले आणि संध्याकाळच्या बायका निम्म्या झाल्या. एकोणीस दिवस अंधार म्हणजे बाईसाठी मैदान बंदच. हे पत्राने सुटणारं नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पालखीच्या तयारीला जी माणसं बसतात, तीच माणसं प्रत्येक गावात, पालखी जात असो वा नसो, वर्षातून दोनदा बसावीत. एकदा शाळा उघडायच्या आधी, एकदा गाळप हंगाम सुरू व्हायच्या आधी. शाळा, दवाखाना, बाजार आणि स्टँड यांना जोडणारी वाट पंधरा जूनच्या आत चालण्याजोगी झाली पाहिजे, आणि रस्त्याच्या ठेकेदाराचं शेवटचं बिल काढण्याआधी पदपथाची मोकळी रुंदी टेपने मोजून लिहिली गेली पाहिजे. मोजताना आरोग्य केंद्राचा माणूस हजर असावा. आशाताईंच्या फॉर्ममधली ती 'नाही' वॉर्डवार एकत्र करून अभियंत्याकडे जावी. शाळांची मैदानं खुली करताना जबाबदारी, वीज आणि राखण यांचा भार शाळेवर पडणार नाही असा शासन निर्णय निघावा, म्हणजे प्रत्येक गावात कुणा डॉक्टरला सात महिने दारोदार फिरावं लागणार नाही. आणि कारखान्यांनी ट्रॉलीमागे दिवा असल्याशिवाय ती वजनकाट्यावर घेऊ नये.

पैसे कुठून, असं विचारलं जाईल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ही योजना हवीच, माझ्या कितीतरी पेशंटांची अँजिओप्लास्टी तिच्यामुळे झाली. पण अँजिओप्लास्टीचा खर्च आरोग्याचा आणि चार दिव्यांचा खर्च विजेचा, ही वाटणी बरोबर नाही. जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात चालण्याच्या वाटांसाठी स्वतंत्र शीर्ष, म्हणजे बजेटमधली स्वतःची ओळ, काढता येईल. शीर्ष असलं की त्यावर खर्च होतो, खर्च झाला की हिशेब मागता येतो.

आमचं दोन पानी पत्र सध्याच्या मुख्याध्यापकांच्या सहीचं आहे. ते येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत. पुढे कोण येईल, फाटक उघडं ठेवेल की नाही, माहीत नाही. म्हणून त्या पत्राचा ठराव करून तो नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवला आहे, दिवे दुरुस्तीच्या मुदतीसह: तक्रार आल्यापासून तीन दिवस. विषयपत्रिकेत तो चौदावा आहे. सभा मंगळवारी दुपारी तीनला आहे. गटातल्या बायकांनी त्या दिवशीची भिशी पुढे ढकलली आहे, आणि चौदावा विषय येईपर्यंत सभागृहातून हलायचं नाही असं काकूंनी सगळ्यांना बजावलं आहे.